समुद्रफेस शिजवणारा हंडा

मी गुडघ्याएवढ्या उंचीचा पोलादी हंडा आहे. मला उचलायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात, आणि तरी माझ्या पोटात मावतं जेमतेम चार तांबे पाणी. बाकी सगळी भिंत. माझ्या कामाला भिंतच लागते. कागदोपत्री माझं नाव ऑटोक्लेव्ह. तुमच्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर माझा धाकटा भाऊ समजा. फरक एवढाच, की तो शिट्टी मारून मोकळा होतो आणि मला मात्र आतला दाब दिवसचे दिवस पोटात ठेवावा लागतो.

माझा जन्म जपानमधल्या कोचीच्या बंदरातला. तिथे तोकुहिरो नावाचा लेथवरचा कारागीर होता. मच्छीमार बोटींच्या इंजिनांचे दांडे कातून देणं हा त्याचा धंदा. एके दिवशी विद्यापीठातले कुसुनोसे सर हातात कागदाची गुंडाळी घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. तेव्हा ते चौतिशीचे होते, अंगात कोट आणि पायात चिखलाचे बूट. मोठ्या कारखान्यांनी त्यांना वर्षभर थांबायला सांगितलं होतं.

तोकुहिरोने कागद उलगडून पाहिला आणि डोकं खाजवलं. "काय मास्तर, पोलादाला भोक पाडायचं आणि वर झाकण बसवायचं. एवढ्यासाठी एवढा मोठा कागद?"

"आत पाणी असणार, तोकुहिरो-सान. उकळत्या पाण्याच्या दुप्पट गरम. झाकण उडालं तर छप्पर फोडून जाईल."

"जाईना का! छप्पर तुमचं असणार, माझं नाही."

असं म्हणाला खरा, पण माझ्या पोटात भोक पाडायला त्याला चार दिवस लागले आणि झाकणाला तीन आठवडे. झाकणाच्या काठाला काजळी लावायची, माझ्या तोंडावर बसवायचं, उचलून बघायचं. काजळीचा गोल कुठे तुटका उमटला की पुन्हा घासायचं. दोन झाकणं त्याने भंगारात फेकली. तिसरं बसवलं तेव्हा गोल अखंड उमटला. त्या दिवशी त्याने सरांना बोलावलं आणि दोघांनी गवताच्या जाळावर भाजलेला कात्सुओ मासा लसणीबरोबर खाल्ला. वर साके, म्हणजे तांदळाची दारू, इतकी प्याले, की मला न्यायची गाडी रिकामीच परत गेली. मी दुसऱ्या दिवशी विद्यापीठात पोचलो.

सरांची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. नव्या मुलांना सर पहिल्याच दिवशी सांगत, "कुंभार माती आगीत भाजतो. आपण दगड पाण्यात शिजवतो." मुलं हसत. मग सर त्यांना माझ्या पोटातून निघालेली पांढरी भुकटी दाखवत. जी चिनीमातीच्या जातीची वस्तू करायला भट्टीला हजार अंशांच्या वर तापावं लागतं, ती मी बंद पाण्यात दोनशे अंशांवर करत असे. तीही इतकी बारीक आणि एकसारखी, की चिमटीत धरली तर बोटांना कळतसुद्धा नसे. जलऔष्णिक रीत असं तिचं भारदस्त नाव. जमिनीच्या पोटात, तापलेल्या पाण्यात, दाबाखाली स्फटिक वाढतात ते याच रीतीने. पृथ्वी घाई करत नाही, आणि माणसाला तेवढा वेळ नसतो. मी दोघांच्या मधला.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग साएको चिकामोरी आली.

ती सुसाकी गावच्या कोळ्याची मुलगी. त्या खोलीत शिकायला आलेली पहिलीच मुलगी. पहिल्या आठवड्यात ती वही-पेन घेऊन आली, दुसऱ्या आठवड्यात एक पोतं घेऊन. पोत्यात समुद्रफेस होता. माकूळ या मऊ अंगाच्या समुद्रजीवाच्या पाठीत एक पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा असतो. किनाऱ्यावर तो कितीतरी पडलेला असतो. तोच.

सरांचा मदतनीस ओकाबायाशी नाक धरून म्हणाला, "चिकामोरी-सान, इथे रसायनं शिजतात. मासळीबाजार नदीपलीकडे आहे."

"ठाऊक आहे. तिथूनच आणलंय," ती म्हणाली.

तिचं म्हणणं सरळ होतं. समुद्रफेस आतून जाळीदार असतो, मजल्यावर मजले, मधे बारीक खांब. माणसाचं हाडही आतून जाळीदार असतं. समुद्रफेस चुन्याचा. हाड चुना आणि फॉस्फेटचं. मग फॉस्फेटच्या गरम पाण्यात समुद्रफेस दाबाखाली ठेवला, तर जाळी तशीच राहून त्याचं हाड का होऊ नये?

"आणि त्याचं करायचं काय?" सरांनी विचारलं.

तिने पोतं कोपऱ्यात सरकवलं. मग म्हणाली, "सर, माझे वडील एकदा येतील पोतं घेऊन. त्यांनाच विचारा."

वडील खरंच आले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, एका अंगाला झुकून चालणारे. पोतं दारात टाकलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सरांनी खुर्ची पुढे केली.

"नको. बसलं की उठवत नाही." ते हसले. "दहा वर्षं झाली, बोटीवरच्या जाळं ओढायच्या रहाटात नडगी सापडली. हाडाचा तुकडाच गेला. डॉक्टरांनी कमरेचं हाड काढून नडगीत भरलं. पाय झकास आहे. कंबर मात्र रोज रडते. शेजाऱ्याचं घर फोडून माझं घर शाकारलं म्हणा ना!"

"बाबा," साएको म्हणाली, "पुरे."

"का गं? तूच म्हणालीस ना विचारा म्हणून?" मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हाच का तो? याच्यात माझं माकूळ शिजवणार?" आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हैस विकत घेताना मारतात तशी.

सरांनी त्याच दिवशी आठवड्यातले तीन दिवस मला साएकोच्या हवाली केलं.

सांगायला वाईट वाटतं, पण पहिलं वर्षभर मी तिला काही दिलं नाही. कधी तुकड्यांचा लगदा निघाला. कधी वरून हाड आणि आत चुना. कधी सगळं जमलं, पण बाहेर काढताना तुकड्याला तडे गेले. खोलीला सुक्या मासळीचा वास लागला तो कायमचा. ओकाबायाशी येता-जाता म्हणे, "आज काय, रस्सा की सुकट?" ती उत्तर देत नसे. वहीत लिही, पोत्यातून नवा तुकडा काढी, करवतीने साखरेच्या वडीएवढे चौकोन कापी आणि पुन्हा माझ्यासमोर येई. तिचे हात मला आवडत. आठ बोल्ट आवळताना ती कधी एका बाजूने आवळत गेली नाही. समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन, थोडं थोडं, फिरून फिरून. माझ्या तोंडावर असमान भार तिने कधी येऊ दिला नाही.

तडे का जातात हे तिला एका सणाच्या सुट्टीने शिकवलं. त्या वेळी मला बंद करून सगळे गावी गेले. मी तीन दिवस आपला आपण थंड होत राहिलो. एरवी ती संध्याकाळीच मला उघडत असे. परत आल्यावर झाकण काढलं, तर बारापैकी नऊ तुकडे अखंड. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेक तुकडा उजेडात धरून बघत राहिली. ओकाबायाशीही येऊन बघून गेला. जाताना तिच्या टेबलावर चहाचा पेला ठेवून गेला.

पण तुकडा अखंड असणं वेगळं आणि आतपर्यंत हाड होणं वेगळं. ते अजून व्हायचं होतं. आणि त्याआधी जे झालं ते सांगितलंच पाहिजे.

राजधानीतून पाहुणे यायचे होते. पाच जणांची समिती. या कामाला पुढे चालना द्यायची की नाही हे ते ठरवणार होते. सकाळपासून धावपळ चालली होती. साएको पाहुण्यांसाठी तुकडे मांडत होती. तिचा वेळ वाचावा म्हणून सरांनी स्वतःच मला भरायला घेतलं. माझ्या शेजारी माझ्याहून दीडपट मोठा एक हंडा होता. घाईत सरांनी त्याच्या मापाचं पाणी मोजलं आणि माझ्यात ओतलं. पाणी काठाला आलं. आत तुकडे आहेत म्हणून वर आलं असेल, असं त्यांना वाटलं. झाकण लावलं, बोल्ट आवळले, खटका दाबला.

पाणी तापलं की फुगतं. म्हणून माझ्या पोटात वरचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा असतो. त्या दिवशी फुगायला जागाच नव्हती. उष्णतेचा काटा दीडशेलाही पोचला नव्हता, आणि दाबाचा काटा मात्र नेहमी दोनशे अंशांना जिथे असतो त्याच्या कितीतरी पुढे गेला. मी सगळ्या बाजूंनी ताणला गेलो. पोलाद ताणलं जातं तेव्हा आवाज करत नाही, म्हणून तर भीती. साएको माझ्यापासून चार पावलांवर होती, पाहुणे दारात. माझ्या झाकणात तोकुहिरोने एक पातळ चकती बसवली होती, दाब हाताबाहेर गेला तर आधी फुटावी म्हणून. नऊ वर्षांत ती कधी फुटली नव्हती. ती फुटली. तोफेसारखा आवाज झाला. नळीतून वाफ भिंतीवर आदळली, छताचे दोन पत्रे खाली आले आणि खोलीभर गरम पावसासारखं पाणी पडलं. कुणाला काही इजा झाली नाही.

पाहुण्यांतले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "हे भरलं कुणी? त्या मुलीने?"

साएकोने आपल्या वहीकडे पाहिलं. तिच्याच वहीत आजची नोंद होती, काम तिचंच होतं. आपल्याच हातून काही राहिलं असेल, असं तिला त्या क्षणी खरंच वाटत होतं. ओकाबायाशीने खाली पाहिलं. गप्प राहिलं तर दोष तिच्यावर जाणार, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं.

कुसुनोसे सर पुढे झाले. केसांतून पाणी गळत होतं. "भरलं मी," ते म्हणाले. "माप चुकलो. तिने मला दहादा तरी लिहून दाखवलंय की घाईत भरू नये." मग ते साएकोकडे वळले आणि पाच पाहुण्यांच्या देखत कमरेत वाकले, खूप वेळ. "चिकामोरी-सान, चार पावलं इकडे असतीस तर मी तुझ्या वडिलांना काय सांगितलं असतं?"

साएको रडली नाही. "सर, उभे राहा," एवढंच म्हणाली. मग पायाखाली बघत, "जमीन ओली आहे, घसराल."

मी पुष्कळ तापमानं पाहिली आहेत. एवढं ऊबदार वाक्य त्या खोलीत दुसरं कुणी बोललं नाही.

पाहुणे परत गेले. त्यांचं उत्तर नकाराचं आलं. सहा महिने मला कुणी पेटवलं नाही. मला तपासायला तोकुहिरो आला. केस पिकले होते, डोळ्यांवर भिंग. त्याने मला आतून-बाहेरून चाचपलं, थंड पाणी भरून दाबाची परीक्षा घेतली आणि सरांना म्हणाला, "तब्येत ठीक आहे. तुम्ही कसे आहात, मास्तर?" नवी चकती त्याने फुकट बसवली.

दुसऱ्या वर्षी काम समितीच्या मदतीविनाच पुन्हा सुरू झालं. साएकोने पाणी थोडं आंबट-तुरट करून पाहिलं, फॉस्फेट वाढवून पाहिलं, दिवस वाढवून पाहिले. एका गुरुवारी दुपारी तिने एक तुकडा मधोमध कापला, त्याची भुकटी केली आणि तपासयंत्राकडे नेली. परत आली तेव्हा हातात कागदाची पट्टी होती. पट्टीवर चुन्याची खूण कुठेच नव्हती. आतपर्यंत हाड. भिंगाखाली मात्र माकुळाचे मजले आणि खांब जसेच्या तसे. जिवंत प्राण्याने जे विणलं होतं त्यातला एक धागाही तुटला नव्हता, फक्त धाग्याची जात बदलली होती.

ओकाबायाशीने पट्टी दोनदा वाचली. "रस्सा नाही, सुकट नाही," तो म्हणाला. "आता मी काय बोलू?"

"मासळीबाजारातून पोतं आणा," ती म्हणाली. "तुमची पाळी."

आणि तो गेला. पुढे कितीतरी वर्षं तोच जात असे.

प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू माणसाच्या अंगात जायला फार वर्षं लागतात, आणि लागावीतच. आधी सशांवर झालं. मग कागद, परीक्षा, पुन्हा कागद. साएकोचे वडील थकले. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी उशीर झाला."

"माझी कंबर आता घरातलीच झालीय," ते म्हणाले. "तिला हाकलून मी बोलू कुणाशी? दुसऱ्या कुणाला दे."

ती दुसरी कुणी म्हणजे हिसाए-बाई. डोंगरातल्या गावात युझूची, म्हणजे लिंबाच्या जातीच्या फळाची, बाग असलेली साठीची बाई. बांधावरून पडून टाचेच्या हाडाचा चुरा झाला होता. शस्त्रक्रियेत आत जी पोकळी राहिली, ती माझ्या पोटातल्या तुकड्यांनी भरली. वर्षाने ती स्वतः विद्यापीठात आली, जिना चढून, हातात युझूच्या रसाच्या दोन बाटल्या घेऊन.

"माझ्या टाचेत माकूळ आहे म्हणतात, खरं का?"

"होतं," साएको म्हणाली. "आता तुमचंच हाड त्याच्यात शिरलंय."

"बरं झालं बाई. नाहीतर मला धास्ती, ओहोटी लागली की पाय समुद्राकडे ओढायचा!" आणि ती त्या मासळीच्या वासाच्या खोलीत इतकी हसली, की कुसुनोसे सरांना, ते तेव्हा निवृत्त होऊन नुसते भेटायला आले होते, डोळे पुसावे लागले. मग ती बाहेरचा जिना उतरून गेली. साएको खिडकीशी उभी राहून तिची पावलं बघत होती. मी माझ्या जागेवरून बघू शकत नव्हतो. पण पायऱ्यांवर दोन्ही पावलांचा आवाज सारखा येत होता.

त्यानंतर मी अशी कितीतरी हाडं शिजवली. साएको प्राध्यापिका झाली. सर गेले. तोकुहिरोही गेला. माझ्या शेजारचा थोरला हंडा बदलून नवा आला, आकडे दाखवणारा, रात्री आपोआप थंड होणारा. मी मात्र चालूच होतो, कारण हे तुकडे माझ्यातच चांगले होतात असं ओकाबायाशीचं ठाम मत. आता तोही पांढऱ्या केसांचा झाला होता.

छत्तिसाव्या वर्षी ध्वनिलहरींनी तपासणी झाली. माझ्या भिंतीत, आतल्या अंगाला, एक तडा निघाला. नखाएवढा. डोळ्यांना न दिसणारा.

नेमका त्याच वेळी निरोप आला. इस्पितळात एक सुतार होता, तिशीतला, नडगीचं हाड गेलेलं. डॉक्टरांना आठ दिवसांत तुकडे हवे होते. शिल्लक काही नव्हतं. नव्या हंड्यात हे काम अजून बसवलं नव्हतं. बसवायला तीन महिने लागणार होते.

"तडा काय कालचा आहे का?" ओकाबायाशी म्हणाला. "वर्षानुवर्षं असेल. एकदाच चालवू. मी स्वतः उभा राहतो समोर."

"म्हणूनच नको," साएको म्हणाली.

"चिकामोरी-सान, तो पोरगा! त्याची कंबर कापतील. तुम्हाला, तुम्हाला मी सांगू का ते काय असतं?"

तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाली, "ओकाबायाशी-सान, हा छत्तीस वर्षं कधी खोटं वागला नाही. आता त्याला पाळता येणार नाही असं वचन मी त्याच्याकडून घेणार नाही." तिने मला बाद केल्याच्या कागदावर सही केली, शिक्का उमटवला, आणि माझ्यासमोर वाकली.

सुताराच्या कमरेचं हाड काढावं लागलं. साएको त्याला भेटून आली. "दुखतं म्हणाला," तिने ओकाबायाशीला सांगितलं, "पण चालतोय." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ओकाबायाशी नव्या हंड्यासमोर बसलेला होता. तीन महिन्यांचं काम त्याने सात आठवड्यांत बसवलं.

मला वितळवलं नाही. उभा चिरून दोन फाका केल्या. त्यातली एक खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली आहे, ती मी. नवी मुलं माझ्या भिंतीची जाडी बोटांनी मोजतात. तडा जिथे होता तिथे लाल रंगाची रेघ आहे. साएको त्यांना सांगते, "हात लावून बघा. इथपर्यंत आला होता."

खरं सांगू? त्या आठवड्यात मला वाटत होतं की मी निभावलं असतं. आणखी एकदा, त्या सुतारासाठी, नक्कीच. चिरल्यावर उघड झालं, की तडा ध्वनिलहरींनी सांगितला त्याच्या तिप्पट खोल होता. मला माझीच भिंत कळली नव्हती.

म्हणून तुमच्यापाशी एक मागणं आहे. तुमच्याही कामावर एखादं जुनं, इमानी यंत्र असेल. कधीही ‘नाही’ न म्हणालेलं. त्याला विचारू नका अजून जमेल का म्हणून. ते हो म्हणेल. आम्ही सगळे हो म्हणतो. त्याला नीट तपासा, त्याचे उपकार माना, आणि वेळ झाली की सही करा.